आवक वही

म्हापशाच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानामागे,
कुंकळयेकर वकिलांच्या कचेरीत
माझं टेबल दाराला लागून आहे,
म्हणून लोक आधी मलाच विचारतात.
वकील उत्तराचे पैसे घेतात, मी घेत नाही.
त्यांच्याकडे पंखाही आहे.

सोमवारी शिवोलीची ओर्सिना आली.
आजोबांचा जन्म एकसष्टच्या आधीचा,
तो लिस्बनला नोंदवायचा, मग बाबांचा, मग तिचा,
मग स्विंडनला केक बांधायच्या कारखान्यात
मावशीने जागा बघून ठेवलेली.
अडलंय एका अक्षरावर :
चर्चच्या वहीत आजोबा ‘सी’ने सुरू होतात,
रेशनकार्डावर ‘के’ने.
‘बाय, हे दोघे एकच हे सिद्ध कसं करायचं?’
मी कागदावर लिहून दाखवलं :
कायतान. कायतान.
बघ, आमच्या लिपीत एकच माणूस आहे.
ती हसली. घडी करून तो कागद पर्समध्ये टाकला,
आणि विचारलं, लिस्बनला हे वाचता येतं का?

मांद्र्याचा उत्तम, आणि त्याची दारिया.
रजिस्ट्रारसमोर लग्नाची पहिली सही झालेली,
दुसरीला आठ दिवस,
आणि तिचा व्हिसा सहाव्या दिवशी संपतो.
‘लग्न झालं की राहता येतं ना?’
लग्नाने नवरा मिळतो, म्हटलं,
मुक्काम वेगळा मागावा लागतो.
पणजीला अर्ज, फोटो, घरमालकाचा दाखला.
कायमच्या कार्डाचं दोन वर्षांनी बघू.
उत्तम बोटांवर दोन वर्षं मोजत होता,
म्हणजे दोनच बोटं, पुन्हा पुन्हा.
त्याची आई बाहेर बाकावर, मांडीवर सोलांची पिशवी.
दारिया फोटो काढायला गेलेली पाहून
ती आत आली, माझ्या कानाशी वाकली :
‘कागद मिळाल्यावर गेली तर?’
मी फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.
दारिया दारातच उभी. तिला एकच शब्द कळलेला.
‘गेलें,’ ती हसत म्हणाली, ‘फोटो. आयलें.’
आणि आठ चेहरे टेबलावर ठेवले,
सगळे तिचेच, एकही हसरा नाही.
हसलेला चालत नाही.

तिसऱ्याचं नाव अब्देलरहीम. फार्मसीचा.
चार वर्षं इथेच, पर्रातल्या भाड्याच्या खोलीत.
परीक्षा झाली, व्हिसा संपत आला,
गाव त्याच्याही आधी संपलं.
तो सगळ्यात हळू बोलला :
‘आश्रय मागायचा फॉर्म कोणता?’
मी ड्रॉवर ओढला. भाडेकरू, वारस, दत्तक,
कुळाची जमीन, बोटीचं लायसन.
आपल्याकडे तसा कायदाच नाही,
हे मी असं सांगितलं, जसं पाहुणा ताटावर बसल्यावर
डब्यात तांदूळ नाहीत हे कळावं.
दिल्लीला एक ऑफिस आहे, तिथे नाव नोंदवतात,
नोंदवलं म्हणजे राहता येईलच असं नाही,
पण नोंदवा.
तियात्राच्या हँडबिलाच्या पाठीवर
माझ्याच पेनाने त्याने पत्ता उतरवला
आणि पेन खिशाला लावून गेला.

शुक्रवारी परत आला. मी जेवणाचा डबा उघडत होते.
पेन टेबलावर ठेवलं, टोपण माझ्याकडे करून.
‘मुदत उलटून चार दिवस राहिलं माझ्याकडे.
दंड किती?’
मला हसू आलं, त्याला नाही आलं.
रिफिल तळाला गेलेली. बरंच काही लिहिलं असावं.

आतून वकिलांनी विचारलं, कोण आहे गं?
मी म्हटलं, कोणी नाही हो,
पेन आलंय.

चार वर्षं राहिलेल्याला
एवढी भाषा कळते.
हे मला तो जिना उतरून
बसस्टँडच्या गर्दीत शिरल्यावर सुचलं,
भाताचा घास हातात तसाच.